ब्रेक मिळाला, पुढे काय?

कॉलेजच्या तालमीच्या खोलीत एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘एकदा ब्रेक मिळू दे, मग बघ!’ पुरुषोत्तम असो, आयएनटी असो किंवा सवाई. हातात करंडक आला की हे वाक्य जरा जास्तच जोरात ऐकू येतं. मग कुणीतरी सीनियर एखाद्या मालिकेत दिसतो, व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्याच्या प्रोमोचा स्क्रीनशॉट पडतो आणि सगळे म्हणतात, ‘सेट झाला यार!’

खरंच सेट झाला का? संधी देणारा ब्रेक आणि गाडी थांबवणारा ब्रेक, मराठीत दोन्ही शब्द आपण सारखेच लिहितो. अनेकांच्या बाबतीत पहिल्याचा दुसरा कधी होतो ते कळतसुद्धा नाही. मालिका चार महिन्यांत गुंडाळली जाते, सिनेमा एका आठवड्यात थिएटरमधून उतरतो, वेब सीरिजचा दुसरा सीझन येतच नाही. स्क्रीनशॉट टाकणाऱ्यांना पुढचं माहीत नसतं, कारण काम नसलेल्या दिवसांचा प्रोमो कुणी काढत नाही.

म्हणून नटाचं करिअर मोजायची आपली फूटपट्टीच बदलायला हवी. यंदा कामाचे दिवस किती भरले? त्याचे पैसे कधी आले? कोणत्या अटींवर आले? आणि पुढचं काम कुठून येणार? हे चार प्रश्न ज्याने सोडवले तो कलाकार टिकला. हा विषय आत्ता काढायचं कारणही तसंच आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि त्यात पडद्यासाठी काम करणारे कलाकार ‘कामगार’ म्हणून स्पष्टपणे मोजले गेले आहेत. ही बातमी कॉलेजच्या तालमीच्या खोलीपर्यंत पोहोचली असेल असं वाटत नाही. पोहोचायला मात्र हवी.

‘अरे, ही कोण?’ ते ‘अरे, ही तीच!’

आधी एक खरं करिअर समोर ठेवू. गीतांजली कुलकर्णी हे नाव तुमच्यापैकी अनेकांना ‘गुल्लक’मुळे माहीत असेल. उत्तर भारतातल्या एका छोट्या शहरातलं मिश्रा कुटुंब आणि त्यातली सतत कुणावर तरी करवादणारी, तरी सगळ्यांना धरून ठेवणारी शांती मिश्रा. २०१९ मध्ये पहिला सीझन आला आणि २०२४ मध्ये चौथा. एका मराठी अभिनेत्रीने उभी केलेली ही हिंदी पट्ट्यातली आई इतकी अस्सल वाटली, की अनेकांना ती मराठी आहे हे गुगल केल्यावर कळलं.

आता जरा मागे जा. त्याआधी २०१४ मध्ये चैतन्य ताम्हाणेचा ‘कोर्ट’ आला. व्हेनिसच्या महोत्सवात तो गाजला, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक त्याला मिळालं आणि पुढे भारताकडून ऑस्करसाठीही तोच गेला. त्यात गीतांजलीने सरकारी वकील नूतनची भूमिका केली. कोर्टात एका लोकशाहिराविरुद्ध रुक्षपणे कलमं वाचून दाखवणारी ही बाई संध्याकाळी लोकलने घरी जाते, स्वयंपाक करते, सुट्टीच्या दिवशी कुटुंबाला घेऊन नाटकाला जाते. तिला खलनायिका करायचा मोह सहज झाला असता. गीतांजलीने तो टाळला, म्हणून ती बाई जास्त अस्वस्थ करते. ‘मुक्तिभवन’, ‘सर’, ‘फोटोग्राफ’ अशा सिनेमांत तर तिच्या वाट्याला मोजकेच प्रसंग होते, पण ते लक्षात राहिले.

आणखी मागे गेलं की खरी गोष्ट सापडते. ती दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकली आणि पडद्यावर ओळख मिळायच्या कितीतरी आधीपासून रंगमंचावर काम करत होती. २०१२ मध्ये लंडनच्या शेक्सपिअर्स ग्लोब थिएटरने ३७ भाषांमधून शेक्सपिअरची ३७ नाटकं करण्याचा महोत्सव भरवला. त्यात हिंदीतर्फे ‘पिया बहरूपिया’ गेलं. दिग्दर्शक अतुल कुमार आणि व्हायोलाच्या भूमिकेत गीतांजली. पुढे मोहित टाकळकरच्या ‘गजब कहानी’ या नाटकात तर तिने चक्क एका हत्तीची भूमिका केली. पालघर जिल्ह्यात शिक्षणाचं काम करणाऱ्या ‘क्वेस्ट’ संस्थेबरोबर ती ‘गोष्टरंग’ हा उपक्रम चालवते. त्यात तरुण कलाकार आश्रमशाळांमधल्या मुलांपर्यंत नाटकाच्या अंगाने गोष्टी घेऊन जातात.

या सगळ्यात ‘ब्रेक’ नेमका कुठला? ‘कोर्ट’ म्हणावं, तर त्यानंतर ‘गुल्लक’ यायला पाच वर्षं गेली. ‘गुल्लक’ म्हणावं, तर त्याआधीची सगळी वर्षं हिशेबात धरायचीच नाहीत का? बाहेरून पाहणाऱ्याला एक मोठी उडी दिसते. आतून पाहिलं तर एकामागोमाग एक ठेवलेल्या पायऱ्या असतात. हत्ती उभा करायला जे शरीर कमावलं, जी भाषा कानात साठवली, त्याचं व्याज पुढे कुठल्या कॅमेऱ्यासमोर मिळेल हे त्या वेळी सांगता येत नाही. ते तसंच चालायचं.

नाइटचं गणित

आता रंगमंचाच्या पैशांकडे येऊ, कारण ‘नाटकात पैसा नाही’ आणि ‘नाटकात समाधान आहे’ ही दोन वाक्यं ऐकून तुमचे कान किटले असतील. दोन्ही अर्धवट खरी आहेत.

व्यावसायिक नाटकात कलाकाराला ‘नाइट’ मिळते, म्हणजे दर प्रयोगाचं मानधन. प्रयोग झाला तर पैसे, नाही झाला तर नाही. त्याआधीच्या महिना-दीड महिन्याच्या तालमींत बऱ्याचदा चहा, वडापाव आणि फार तर प्रवासखर्च, एवढंच पदरात पडतं. उदाहरणादाखल गणित मांडू. समजा, एका नवोदित कलाकाराची नाइट तीन हजार रुपये आहे आणि नाटकाचे महिन्याला आठ प्रयोग लागतात. म्हणजे चोवीस हजार. मुंबईत किंवा पुण्यात कॉट बेसिसवर राहून, डबा लावून यात भागवता येईल. पण पावसाळ्यात प्रयोग घटून तीनवर आले की हातात नऊ हजार उरतात. परीक्षांचे दिवस, निवडणुका, क्रिकेटची फायनल, नाट्यगृहाची दुरुस्ती, सगळ्याचा पहिला फटका नाइटला बसतो. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह आगीत जळालं. आपण हळहळलो ते एका ऐतिहासिक वास्तूसाठी, आणि ते बरोबरच होतं. पण कलाकार आणि रंगमंच कामगारांसाठी ती कामाची जागा होती. एखादी कंपनी बंद पडावी, तसंच ते.

याच गणिताची दुसरी बाजू बघायची असेल तर प्रशांत दामले यांच्याकडे बघा. १९८३ मध्ये ‘टुरटुर’पासून सुरुवात, सोबत ‘बेस्ट’मधली नोकरी आणि मग पूर्ण वेळ रंगभूमी. ६ नोव्हेंबर २०२२ रोजी मुंबईत षण्मुखानंद सभागृहात त्यांचा १२,५०० वा प्रयोग झाला. नाटक होतं ‘एका लग्नाची पुढची गोष्ट’. आता मोबाइलवरचा कॅल्क्युलेटर काढा. ३९ वर्षांत १२,५०० म्हणजे वर्षाला सरासरी ३२० प्रयोग. आठवड्याला सहा. त्यात ताप येतो, घरात अडचणी येतात, बस उशिरा पोहोचते, एखाद्या गावी माइक खरखरतो. तरी तिसरी घंटा झाली की त्याच वाक्यावर हशा घ्यायचा.

दामले यांच्यासारखे कलाकार थोडे, हे खरंच आहे. पण या आकड्यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. त्यांनी सिनेमे केले, मालिका केल्या, ‘आम्ही सारे खवय्ये’चं सूत्रसंचालन केलं, मात्र कणा कोणता आणि जोडधंदा कोणता हे त्यांच्या बाबतीत स्पष्ट होतं. तुमचा कणा रंगभूमीच असायला हवा असं नाही. पण कणा कोणता हे ठरलेलं असावं लागतं, नाही तर समोर येईल त्या कामामागे धावताना दहा वर्षं कशी गेली ते कळत नाही.

मालिकेची शिफ्ट आणि तीन महिन्यांची उधारी

पडद्यावर पैसे जास्त, हे तर सगळ्यांना माहीत आहे. मालिकेत मानधन ‘पर डे’ ठरतं. समजा, दिवसाचे पाच हजार आणि महिन्याला पंधरा दिवस शूटिंग. पंचाहत्तर हजार! नाटकातल्या चोवीस हजारांपुढे हा आकडा भलताच गोजिरा दिसतो. पण त्याच्या मागच्या दोन गोष्टी कुणी सांगत नाही.

पहिली म्हणजे वेळ. घोडबंदर रोडवरचा, मढचा किंवा गोरेगावच्या चित्रनगरीतला सेट असो, बारा तासांची शिफ्ट हा नियम आणि त्याहून जास्त हा अपवाद नसलेला अपवाद. प्रवास धरला तर दिवस संपला. ‘मालिका करता करता नाटकही करेन’ असं ठरवलेल्या कलाकाराला रविवारच्या दुपारच्या प्रयोगासाठी सेटवरून सुटायला हातापाया पडावं लागतं.

दुसरी म्हणजे उधारी. टीव्हीच्या दुनियेत काम झाल्यानंतर साधारण ९० दिवसांनी पैसे मिळायची पद्धत पडून गेली आहे. म्हणजे जानेवारीत राबलात तर त्याचे पैसे एप्रिल संपता संपता किंवा मे उजाडताना खात्यात येणार, तेही टीडीएस कापून. मधले तीन महिने घरभाडं, प्रवास, जिम, कपडे, सगळं स्वतःच्या खिशातून. ज्याच्या घरून पाठबळ आहे तो हे तीन महिने काढतो. ज्याच्या घरी तुमच्या पगाराची वाट बघितली जाते, तो इथेच गळतो. अभिनयाच्या क्षेत्रात ‘टॅलेंट असेल तर टिकतो’ असं आपण म्हणतो, तेव्हा ही चाळणी विसरतो. गावाकडून आलेली, घरची परिस्थिती बेताची असलेली पोरं स्पर्धांमध्ये बक्षिसं घेतात आणि पुढे दिसत नाहीत. त्यांचा अभिनय कमी पडत नाही, ९० दिवस कमी पडतात.

करोनाने हे सगळं उघडं पाडलं. मार्च २०२० मध्ये शूटिंग आणि नाट्यगृहं एकदमच बंद झाली. शूटिंग काही महिन्यांत सुरू झालं. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रात पुन्हा निर्बंध आले तेव्हा अनेक मराठी मालिकांनी बाडबिस्तरा घेऊन गोवा गाठलं. मे महिन्यात तिथेही परवानगी मागे घेतली गेली. नाट्यगृहांचे दरवाजे तर दुसऱ्या लाटेनंतर थेट २२ ऑक्टोबर २०२१ ला, तेही निम्म्या खुर्च्यांसाठी उघडले. रोजच्या कमाईवर जगणारा माणूस म्हणजे फक्त नाक्यावर उभा राहणारा मजूर नव्हे, हे त्या दोन वर्षांत अनेक घरांना कळलं.

फॉलोअर्स किती?

पडदा आणि रंगमंच यांचं नातं एकतर्फी नाही, हेही लक्षात घ्या. २०१५ मध्ये ‘दिल दोस्ती दुनियादारी’ ही मालिका कॉलेजवयीन प्रेक्षकांत तुफान चालली. त्यातले अमेय वाघ, सुव्रत जोशी, सखी गोखले ही मंडळी २०१६ मध्ये ‘अमर फोटो स्टुडिओ’ घेऊन रंगमंचावर आली. मनस्विनी लता रवींद्रचं लेखन, निपुण धर्माधिकारीचं दिग्दर्शन. टीव्हीवरचे चेहरे बघायला आलेल्या तरुण प्रेक्षकाला नाटकाची गोडी लागली. टीव्हीने मिळवून दिलेली ओळख नाट्यगृहात वटवता येते, याचं हे चांगलं उदाहरण.

जितेंद्र जोशीचा प्रवासही असाच इकडून तिकडे आणि तिकडून इकडे झाला. मालिका, सूत्रसंचालन, २०१२ मध्ये ‘तुकाराम’, त्यानंतर ‘दोन स्पेशल’ हे नाटक, २०१८ मध्ये ‘सेक्रेड गेम्स’मधला काटेकर आणि २०२१ च्या इफ्फीत ‘गोदावरी’साठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा रौप्य मयूर. पडद्यावर ‘तुकाराम’ साकारल्यानंतरही हा माणूस दोन-तीन पात्रांच्या नाटकासाठी रंगमंचावर उभा राहिला, ही बाब मला पुरस्काराइतकीच महत्त्वाची वाटते.

पण २०१५ आणि आजच्या दिवसांत एक फरक पडला आहे. तेव्हा काम केलं की लोक ओळखायचे. आता लोक ओळखत असतील तर काम मिळेल, असा उलटा क्रम काही ठिकाणी रुजतो आहे. ऑडिशनच्या फॉर्ममध्ये वय, उंची आणि भाषा यांच्याखाली ‘इन्स्टा फॉलोअर्स’ हाही रकाना दिसायला लागला आहे. मोबाइलवर उभ्या चौकटीत बघायचे दोन-दोन मिनिटांचे मायक्रोड्रामा आले आहेत. तिथे तर रीलवर गाजलेला चेहरा थेट उचलला जातो. यात सगळंच वाईट आहे असं नाही. ज्यांना मुंबईत ओळखपाळख नाही अशा साताऱ्याच्या, नांदेडच्या, चंद्रपूरच्या मुलामुलींना रीलने दार उघडून दिलं. अडचण पुढे येते. तीस सेकंदांचा पंच जमणाऱ्याला चार पानांचा प्रसंग पेलायला सांगितला की दम लागतो, कारण श्वास कुठे घ्यायचा, समोरच्याचं ऐकायचं कसं, एकच क्षण पन्नासाव्यांदा ताजा कसा ठेवायचा, हे रीलमध्ये शिकायला मिळत नाही. ते प्रयोगात शिकायला मिळतं. फॉलोअर्समुळे पहिलं काम मिळेल. दुसरं मिळायला पहिलं काम चांगलं व्हावं लागतं.

कागदावर काय लिहिलंय?

आता सुरुवातीला म्हटलं त्या कायद्याकडे येऊ. इथे जरा नेटाने वाचा, कारण परीक्षेत येणार नसलं तरी आयुष्यात येणार आहे.

याआधी सिनेक्षेत्रातल्या कामगारांसाठी १९८१ चा एक कायदा होता. तो झाला तेव्हा खासगी वाहिन्या नव्हत्या, वेब सीरिजचा तर प्रश्नच नव्हता; साहजिकच तो चित्रपटापुरता होता. नव्या व्यवसायसुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती याविषयीच्या संहितेत ‘दृकश्राव्य कामगार’ अशी व्यापक व्याख्या आहे. तिच्यात अभिनेते, गायक, नर्तक, निवेदक येतात आणि काम सिनेमाचं असो, टीव्हीचं, जाहिरातीचं किंवा वेबवरच्या मालिकेचं, ते सगळं येतं. अशा कामगाराला लेखी कराराशिवाय कामाला लावता येणार नाही आणि तो करार सक्षम अधिकाऱ्याकडे नोंदवला गेला पाहिजे, असं ती सांगते. करारात कामाचं स्वरूप, मोबदला, कामाचे तास, सोयीसुविधा या गोष्टी असायला हव्यात. थोडक्यात, ‘अरे आपलं घरचंच प्रॉडक्शन आहे, कागदाचं काय एवढं’ हे वाक्य आता कायद्याला मान्य नाही.

टाळ्या वाजवायच्या आधी तीन गोष्टी पाहू.

एक, या व्याख्येला मोबदल्याची मर्यादा आहे. सरकार ठरवेल त्या रकमेपर्यंत कमावणारेच या तरतुदींच्या कक्षेत येतील. स्टार मंडळी बाहेर राहिली तर हरकत नाही. पण मर्यादा फार खाली ठेवली, तर ज्याला गरज आहे तो मधल्या फळीतला कलाकारही बाहेर राहील.

दोन, यात रंगमंच नाही. ‘दृकश्राव्य निर्मिती’त चित्रपट, टीव्ही, डिजिटल सगळं आहे, पण नाटकाचा प्रयोग नाही. म्हणजे एकच कलाकार शनिवारी सेटवर असेल तेव्हा दृकश्राव्य कामगार आणि रविवारी शिवाजी मंदिरला प्रयोग करेल तेव्हा नाही! मराठीत तर पडद्यावरचे निम्मेअधिक चेहरे रंगभूमीवरून येतात. त्यांना घडवणाऱ्या जागेवर मात्र आजही बराचसा व्यवहार तोंडी शब्दावर चालतो. तो शब्द अनेक निर्माते पाळतात, हे रंगभूमीचं मोठेपण. पण एखाद्याच्या भलेपणावर किती दिवस विसंबायचं?

तीन, कायदा मागणाऱ्याच्या उपयोगी पडतो. नवोदित कलाकार करार मागायलाच घाबरतो. ‘हा फार प्रश्न विचारतो’ असा शिक्का बसला तर पुढचा फोन येणार नाही, ही भीती खोटी नाही. २०२५ मध्ये दीपिका पदुकोणने आठ तासांच्या शिफ्टचा आग्रह धरल्याच्या बातम्या आल्या आणि देशभर चर्चा झाली. तिच्या बाजूने बोलणारे होते, विरोधात बोलणारेही होते. पण ज्या ज्युनिअर आर्टिस्टने, ज्या मालिकेतल्या ‘वहिनीच्या मैत्रिणी’ने हीच मागणी केली असती, तिच्याबद्दल बातमी झाली नसती, तिच्या जागी दुसऱ्या दिवशी दुसरी मुलगी उभी असती. म्हणूनच ही मागणी एकट्याने करायची नसते. ‘सिंटा’सारख्या संघटना आहेत त्या यासाठीच. त्यांच्याबद्दल तक्रारी असू शकतात, पण सभासदच न होता तक्रार करण्यात काय अर्थ आहे?

चेहरा तुमचा, मालक कोण?

लेखी करार का वाचायचा याचं आणखी एक कारण गेल्या काही वर्षांत तयार झालं आहे, ते म्हणजे एआय. हा धोका आधी ओळखला तो अमेरिकेतल्या कलाकारांनी. तिथल्या ‘सॅग-आफ्ट्रा’ या संघटनेने १४ जुलै २०२३ पासून संप पुकारला आणि तो ११८ दिवस चालला. कलाकाराचं शरीर एकदा स्कॅन करून त्याची डिजिटल प्रतिकृती पुढे हवी तिथे वापरायची, ही शक्यता त्या लढ्याच्या केंद्रस्थानी होती. संपानंतरच्या करारात अशा वापरासाठी कलाकाराची संमती आणि मोबदला यांची तरतूद करून घेतली गेली. लक्षात घ्या, हा लढा काही मोजक्या स्टारसाठी नव्हता. गर्दीत उभ्या राहणाऱ्या कलाकाराची एका दिवसाची रोजी एआयमुळे जाऊ शकते, हेही त्यात होतं.

आपल्याकडे सप्टेंबर २०२३ मध्ये अनिल कपूर यांनी दिल्ली उच्च न्यायालयातून आणि जुलै २०२४ मध्ये अरिजित सिंग यांनी मुंबई उच्च न्यायालयातून स्वतःचा चेहरा, आवाज, ओळख यांच्या परवानगीशिवाय होणाऱ्या वापराविरुद्ध आदेश मिळवले. चांगलं झालं. पण कोर्टात जाणं प्रत्येकाला परवडणारं नाही. आणि मोठ्या नावाचा आवाज चोरला तर लोकांना लगेच कळतं. डबिंग करणाऱ्या एखाद्या नवख्या मुलीचा आवाज मशीनला शिकवायला वापरला, तर तिला स्वतःलाही कळणार नाही.

आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये दुरुस्ती झाली आणि सादरीकरण करणाऱ्याला त्याच्या व्यावसायिक वापरातून रॉयल्टी, तसंच नाव दिलं जाण्याचा आणि कामाची मोडतोड रोखण्याचा हक्क मिळाला. पण त्यातच एक खुंटी आहे : चित्रपटात आपलं काम वापरायला तुम्ही लेखी संमती दिली, की करारात वेगळं काही म्हटलेलं नसेल तर निर्मात्याने तुमचा हक्क वापरण्याला तुम्हाला आक्षेप घेता येत नाही. सगळा भार पुन्हा ‘करारात वेगळं काही’ या तीन शब्दांवर. ज्या कागदावर आपण मेकअपच्या खुर्चीत बसून, न वाचता सही करतो, त्याच कागदावर.

मग काय करायचं?

हे सगळं वाचून ‘नको रे बाबा, एमपीएससीच करतो’ असं वाटलं असेल, तर थांबा. बाकीची क्षेत्रंही आता काही गादीवर बसवत नाहीत. आयटीत नोकरकपात आहे, प्राध्यापकी तासिका तत्त्वावर आहे, डिलिव्हरीवाल्या मित्राचं रेटिंग घसरलं की काम घसरतं. कामाचे दिवस मोजून पैसे मिळणं, करार नसणं, उधारी वाढणं, हे नटाच्या आयुष्यात आधीपासून होतं; ते आता सगळ्यांच्या वाट्याला येतंय. त्यामुळे कलाकारांनी यातून काय वाट काढली, हे अभिनय करायचा नसला तरी बघण्यासारखं आहे.

आणि करायचाच असेल, तर पहिल्या वर्षापासून काही सवयी लावून घ्या. कामाची वही ठेवा : तारीख, काम, ठरलेली रक्कम, आलेली रक्कम, आल्याची तारीख. वर्षाच्या शेवटी ती वही तुम्हाला कुठल्याही ज्योतिषापेक्षा खरं सांगेल. पहिल्या मालिकेच्या पैशातून फोन बदलायच्या आधी तीन महिन्यांचा खर्च बाजूला टाका, कारण ९० दिवसांची उधारी तुमच्यासाठी थांबणार नाही. प्रत्येक कामाआधी किमान एक मेसेज लेखी घ्या : किती दिवस, किती पैसे, कधी मिळणार. नम्रपणे विचारलेल्या प्रश्नाने काम जातं असं वाटत असेल, तर ते काम पैसे बुडवूनच जाणार होतं. चेहरा, आवाज किंवा स्कॅन ‘कायमस्वरूपी, कोणत्याही माध्यमासाठी’ देण्याचं कलम दिसलं, तर लॉ कॉलेजच्या मित्राला दाखवा. त्याचाही अभ्यास होईल.

पोटापाण्याचं दुसरं कौशल्य बाळगायची लाज वाटू देऊ नका. दामले यांनी ‘बेस्ट’ची नोकरी सांभाळत नाटकं केली. भाषांतर, डबिंग, मुलांची शिबिरं, प्रकाशयोजना, सबटायटल्स. यातलं काहीही करणारा नट कमी दर्जाचा ठरत नाही. उलट तो भाडं भरण्यासाठी नको ती भूमिका स्वीकारायला बांधील राहत नाही. ‘नाही’ म्हणता येणं ही या धंद्यातली सगळ्यात महाग चीज आहे आणि ती बाजूला टाकलेल्या पैशातूनच विकत घेता येते.

घरच्यांशीही याच भाषेत बोला. आई-बाबा ‘यात भविष्य आहे का?’ असं विचारतात, तेव्हा आपण कुठल्या तरी सुपरस्टारचं नाव फेकतो. त्यांना ते पटत नाही आणि त्यांचं बरोबर आहे, कारण लॉटरी लागलेल्याचं नाव सांगून लॉटरी हा व्यवसाय ठरत नाही. त्याऐवजी ती वही दाखवा. ‘गेल्या वर्षी ६२ दिवस काम केलं, या वर्षी ९० झाले, येणं एवढं बाकी आहे, त्यातलं एवढं वसूल झालं.’ आकडे लहान असले तरी चालतील. वाढत असतील तर हा व्यवसाय आहे. सलग तीन वर्षं वाढत नसतील, तर काय बदलायचं यावर घरी बसून भांडण न होता बोलता तरी येईल.

या सीझनच्या एकांकिकांची बक्षिसं जाहीर होतील, तेव्हा टाळ्या वाजवा, नाचा, करंडकासोबत सेल्फी काढा. तो आनंद खरा आहे. फक्त दुसऱ्या दिवशी ग्रुपमध्ये ‘ब्रेक कधी?’ असं विचारण्याऐवजी ‘पुढची तालीम कधी?’ असं विचारा. आणि कुणी कामाला बोलावलं, तर आनंदाने जा. जाताना पेन सोबत ठेवा. सही करायला नंतर लागेल, आधी कागद वाचताना खुणा करायला लागेल.